पापुद्र्याखालचा जिल्हा

छापून आलेलं लोक विसरतात. संपादकानं कापलेलं माझ्याकडे साचत जातं. लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ जुनाच होता, आणि मी उदगीर भागात सरकारी बोअर मशीनच्या मागे फिरत होतो. पाण्याच्या बातम्या छापल्या गेल्या. जमिनीच्या राहिल्या.

*

मशीनबरोबर भूवैज्ञानिक असायचे, कांबळे साहेब. बौद्धवाड्यातून शिकून वर आलेले, बोलायला शांत. एका पारावर लोकांनी विचारलं, खाली जमीन आहे तरी किती? साहेबांनी डब्यातली ज्वारीची भाकरी काढली आणि नखानं पापुद्रा उचलला. आपण राहतो ते एवढंच, म्हणाले. आपली सगळ्यात खोल विहीर म्हणजे या पापुद्र्यावरचा ओरखडा. खाली तापलेल्या खडकाचा जाड थर आणि पार मधोमध लोखंडाचा गाभा. लोक भाकरीत हरवून गेले.

एक म्हातारा म्हणाला, "साहेब, समजलं. आता तुमी खाता, का देता इकडं?"

*

आमच्या आमदारांना धीर नव्हता. एक बोअर कोरडा गेला, तर म्हणाले, "आणखी खाली जा. गाभ्यापर्यंत जा. मंजुरी मी आणतो."

तिथं पाणी नसतं, लोखंड असतं, असं साहेबांनी सांगितलं. आमदार जरा विचारात पडले.

"चालतंय की! नव्या जिल्ह्याला कारखाना होईल."

मी हे जसंच्या तसं लिहून पाठवलं. छापून आलं: 'आमदारांचा औद्योगिक विकासाचा निर्धार'.

*

मशीन जुन्या जिल्ह्याची, तहान नव्या जिल्ह्याची. कागद न आल्यामुळे एकदा ती हद्दीवरच्या कोरड्या ओढ्यात नुसती उभी राहिली. पलीकडच्या गावात बाया हंडे मांडून बसलेल्या. मी तडक कचेरीत जाऊन भांडलो. विचारलं, खडकाखालचं पाणी हद्द ओलांडून इकडं येतं, त्याला कोणाची परवानगी असते?

कारकुनानं मान वर केली नाही. "येत असंल तर अर्ज द्या. चौकशी करू."

*

एका गावात साहेबांनी पाणी शोधायच्या यंत्रानं बघून बोअरची जागा दिली, ती नेमकी बौद्धवाड्याजवळ. तिथल्या बायांना गावच्या विहिरीवर कोणी वरून ओतलं तरच पाणी मिळायचं. सरपंच फणकारले, "साहेब, तुमचं यंत्र जात बघतंय का काय?"

"बघत नाही. म्हणून तर इथं दाखवतंय."

आता बोअर कोरडा गेला, तर साहेबांनी आपल्या माणसांसाठी सरकारचा पैसा मातीत घातला, असं गाव म्हणणार होतं. मी तेच लिहावं, असंही सरपंचांनी सुचवलं. मी त्यांना काय सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बोअरची मंजूर खोली संपली, पाणी नाही. साहेब वाढीव मंजुरी आणायला उदगीरला निघाले, मीही बरोबर गेलो. मशीनवर यादगिरी होता, तेलंगणातला. दर दहा फुटांचा चुरा तो वेगळा ढीग घालून ओळीनं मांडून ठेवायचा. ते ढीग वाचूनच साहेब ठरवणार होते, पुढं जायचं की उठायचं.

मंजुरी घेऊन परत आलो, तर ढीग गायब.

आमदार येणार म्हणून बौद्धवाड्यातल्या धुरपदाबाईनं अंगण सारवून त्या चुऱ्याची रांगोळी घातली होती. पिवळा मुरूम कडेला, राखाडी पाकळ्या, काळ्या पाषाणाचे ठिपके. जमिनीचं सगळं पोट उन्हात पसरलेलं. साहेब तिच्यावर रागावलेही नाहीत. शेवटचा ढीग कुठला, एवढंच त्यांनी विचारलं. तिनं मधल्या लाल गोलाकडं बोट केलं.

साहेबांनी उकिडवं बसून चिमूटभर लाल माती चोळली. ओलसर होती. म्हणाले, ही एके काळची वरची जमीन. दोन लाव्ह्यांच्या मधली. हिच्यावर ऊन पडलं, पाऊस पडला, मग वरून पुन्हा लाव्हा आला. हिच्याखाली सच्छिद्र दगड असतो.

"तवाबी दुष्काळ पडत हुता का?" धुरपदाबाईनं विचारलं.

"पडला असेल. बघायला कोणी नव्हतं." मग ते वळले. "यादगिरी, मशीन आणखी खाली जाऊ दे."

आमदारांची जीप आली आणि पाणी उसळलं. मातकट, गार पाणी, मशीनच्या हवेनं झाडाएवढं उंच फेकलेलं. लोट थेट रांगोळीवर आला. कडेचा मुरूम वाहिला, पाकळ्या विरघळू लागल्या. बाया हंडे आणायला घराकडं पळाल्या. एकटी धुरपदाबाई मशीनकडं धावली.

"आरं, थांबीव की जरा! रांगोळी चालली माझी."

यादगिरीनं खरंच मशीन बंद केली.

पाणी खाली बसलं. आणि आम्ही सगळे, आमदारांसकट, उरलेली रांगोळी बघत उभे राहिलो.