कोऱ्या पेपरला दोन गुण

गणिताच्या बाईंनी एकवीस वर्षांत एकाही मुलाला शून्य दिलं नव्हतं. पेपर कोरा असला तरी दोन गुण ठरलेले. "आला, बसला, तीन तास कळ काढली. त्याचं काहीतरी नको का?" शाळेत त्यांना पाठीमागे 'दोन गुणांच्या बाई' म्हणत, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांच्या इमारतीत जनरेटर बसवायचं ठरलं. जागा दोनच: फाटकाजवळ, म्हणजे गाड्या बाहेर रस्त्यावर लावायच्या, नाहीतर मागे, बाईंच्या तळमजल्यावरच्या खिडकीखाली. त्या खिडकीशी त्यांची दम्याची लेक झोपायची. स्कूटर सुरू झाली तरी तिचा श्वास कोंडायचा.

तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियरने बैठकीत नवीन टूम काढली. "हात वर करणं नको. दोन्ही जागांना दहापैकी गुण द्या. सगळ्यांची मिळून खुशी जिथे जास्त, तिथे जनरेटर."

"आणि ज्याच्या जिवावर बेतेल त्याचं काय?" बाईंनी विचारलं.

"तो शून्य देईल की. त्यासाठीच तर शून्य आहे."

"बाईंना गुण द्यायला शिकवतोय बघा," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

बाईंनी चिठ्ठीवर फाटकाला दहा लिहिले. मागच्या जागेपाशी पेन अडलं. गाडीवाले शेजारी समोरच बसले होते, रोजचे. त्यांचं अगदीच काही नाही, असं कसं लिहायचं? सवयीने हात चालला. दोन.

फळ्यावर बेरीज झाली. फाटक एकशे एकतीस, मागची जागा एकशे बत्तीस.

"एका गुणाने गेलं हो, बाई," शेजारीण हळहळली.

बाईंनी मनात बेरीज पुन्हा केली. बरोबर होती.

"चिठ्ठी बदलता येईल का?" बाईंनी उभं राहून विचारलं.

"मग सगळेच बदलतील. तुम्ही वर्गात चालवून घ्याल का?" इंजिनियर म्हणाला.

बाई खाली बसल्या.

पंधरा दिवसांत जनरेटर आला. खिडकी बंद झाली, फटींना चिकटपट्टी लागली, तरी वीज गेली की धूर आत यायचाच. लेक पलंगावर ताठ बसून दम्याचा पंप ओढायची आणि बाई तिची पाठ चोळायच्या.

"आई, तू मागच्या जागेला किती दिले होतेस?" तिने एकदा धापा टाकत विचारलं.

"शून्य."

"मग तू तरी आणखी काय करणार होतीस," लेक म्हणाली, आणि तिने आईचा हात थोपटला.