जुईने मागून ओळखलेला बैल

परवा आमच्या अकोल्याच्या कॉलनीत तान्हा पोळा भरला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून आणतात ना, तोच. आज मी लेकीचं कौतुक मिरवणार आहे… ज्यांना नको असेल त्यांनी खुशाल पुढे जावं.

माझी जुई आठ वर्षांची. जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गेल्या वर्षी अमरावतीला ऑपरेशन झालं. दिसायला लागलं म्हणजे झालं, असं आम्हाला वाटलं होतं. कसलं काय! समोरून तांब्या ओळखायची, पण तोच वरून दाखवला की "हे काय आहे?" वरून तो नुसता गोल दिसतो, हे आपल्या कधी लक्षातही येत नाही.

सासूबाईंनी मायेपोटी एक उपाय काढला. नातीचा गोंधळ नको म्हणून घरातली प्रत्येक वस्तू एकाच बाजूने ठेवायची. कपाचा कान उजवीकडे, तिच्या लाकडी बैलाचं तोंड दाराकडे… पोरगी धडाधड ओळखू लागली, आम्ही खूश. मग तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी कप फिरवून ठेवला आणि जुईला तो ओळखूच येईना. सासूबाईंचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं.

"डोळ्यांचं काम झालं, आता मेंदूला सवय लावा. वस्तू फिरवत राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या घरात एक वस्तू सरळ सापडेल तर शपथ! पाहुण्यांना वाटतं, सुनेला घर आवरता येत नाही. वाटू दे.

तर परवा… सगळे बैल तोरणाकडे तोंड करून रांगेत उभे. झुली कॉलनीच्या मंडळाने दिलेल्या, सगळ्या सारख्या लाल. खाऊ वाटून झाला आणि पोरांना आपापला बैल घ्यायला सोडलं, तेही मागच्या बाजूने. झूल घातलेला तिचा बैल मागून तिने कधी पाहिलाच नव्हता, आणि तिला चिडवणारी दोन कार्टी तिथेच हसायला टपलेली.

मी तिच्याकडे निघालेच होते. सासूबाईंनी हात धरला. "थांब व! पोरीले करू दे."

जुई रांगेपाशी उकिडवी बसली. डावीकडे वाकली, उजवीकडे वाकली, थोडी पुढे सरकली. मग सरळ एका बैलाची दोरी उचलली… तिचाच! मी तिथेच रडले, लाज नाही वाटली.

घरी येताना विचारलं, "कसा गं ओळखलास?"

"काहून? बैल तर तोच हाये ना आई. मीच मांगून पाहून राहिली."

डॉक्टरीणबाई, तुमचे उपकार कसे फेडू? आल्यागेल्या प्रत्येकाला सांगून झालं, आता हे वाचणाऱ्या तुम्हा सगळ्यांनाही सांगते. आमच्या जुईला दिसतं… पुढून, मागून, सगळीकडून दिसतं.