वाटेत गळालेला हप्ता

इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत यंत्रापाशी फोन न्यायला बंदी होती. फोन कपाटात आणि कपाटाची किल्ली गळ्यात. त्यामुळे धाकट्या भावाने लागोपाठ केलेले फोन ताईला दिसले ते थेट जेवणाच्या सुट्टीत. डबा तसाच बाजूला सारून तिने उलटा फोन लावला. आप्पांचं काही बरंवाईट झालं की काय, याखेरीज दुसरा विचारच तिच्या मनात येईना.

"आप्पा बरे आहेत," धाकटा म्हणाला. "ऑपरेशनचं पक्कं करायला इस्पितळात गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी विम्याचं कार्ड तपासलं आणि परत दिलं. यंदाचा हप्ता भरलेला नाही म्हणाल्या."

"असं कसं होईल? तो माझ्या खात्यातून आपोआप जातो."

"तेच मी म्हटलं. पण गेलेला नाही. सवलतीची मुदत परवा संध्याकाळी संपते. त्यानंतर पॉलिसी बंद. नवीन काढली तर आप्पांचं हृदयाचं दुखणं त्यात धरणार नाहीत." मग सूर बदलून म्हणाला, "ताई, तुझी अडचण असेल तर तसं सांगायचं होतंस. आम्ही काही परके नाही."

ताईच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "मला काही अडचण नाही. मी बघते. तू यात काही करू नकोस," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

हे 'मी बघते' तिचं नेहमीचंच. नवरा गेल्यावर शिवणकामावर तिचं भागेना. माहेरी येऊन राहा असं आप्पा म्हणत होते, पण कुणाच्या जिवावर जगायचं नाही हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. ओळखीच्या एका बाईच्या मदतीने ती या परक्या देशात आली आणि चादरींना इस्त्री करणाऱ्या यंत्रावर उभी राहिली. निघताना धाकट्याला तिने सांगितलं होतं, "आप्पांचं रोजचं खाणंपिणं, उठबस तू बघ. दवाखान्याचं सगळं माझ्याकडे." धाकट्याचं चष्म्यांचं लहानसं दुकान. त्यालाही ही वाटणी सोयीची होती. वर्षातून एकदा, हप्त्याच्या आधी, ती तिकडच्या आपल्या जुन्या खात्यात हप्त्याएवढे पैसे पाठवायची आणि निश्चिंत व्हायची. यंदाही पाठवले होते.

सुट्टीचा वेळ संपत आला होता. कोटांच्या रांगेआड उभं राहून तिने तिकडच्या बँकेला फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं, मग एक मुलगा बोलू लागला. आवाज गोड, घाई अजिबात नाही.

"तुमचं खातं आता परदेशात राहणाऱ्यांच्या प्रकारात गेलंय, मॅडम. गेल्या वर्षी तुम्हीच कळवलंत ना, की तुम्ही तिकडे राहता?"

"कळवावं लागतं असं बँकेनेच सांगितलं होतं."

"बरोबरच केलंत. पण त्या प्रकारात किमान शिल्लक जास्त ठेवावी लागते. ती नसली की दर तिमाहीला दंड बसतो. दंडावर कर. शिवाय कार्डाचं शुल्क, मेसेजचं शुल्क."

"कसले मेसेज? मला एकही आला नाही."

"तुमच्या जुन्या नंबरवर गेले असतील."

"तो नंबर कधीचा बंद आहे."

"मेसेज पाठवण्याचं शुल्क असतं, मॅडम. पोहोचण्याचं नाही."

एरवी अशा उत्तरावर ताई हसली असती. आता तिने एवढंच विचारलं, की मग हप्ता का गेला नाही. खात्यातून थोडं थोडं कापलं जात राहिलं, म्हणून हप्त्याच्या दिवशी रक्कम जराशीच कमी पडली, म्हणून हप्ता परत गेला, आणि परत गेल्याबद्दल बँकेने पुन्हा शुल्क लावलं, असं त्या मुलाने तिला समजावून सांगितलं. त्यातल्या त्यात एक बरं होतं. परवा मुदत संपण्याआधी विमा कंपनी शेवटचं एकदा हप्ता मागणार होती. तेवढ्यात खात्यात पैसे आले तर सगळं सुरळीत होणार होतं.

ती यंत्रावर परतली. रुळांचं ते यंत्र म्हणजे आगीचं तोंडच. दोघींनी ओल्या चादरीचं एकेक टोक धरायचं, ताणायचं आणि एकाच वेळी पट्ट्यावर सोडायचं. एकीचा हात चुकला की चादर आत वाकडी जाते आणि सगळं यंत्र थांबवावं लागतं. त्या दुपारी ताईकडून तसं झालं. मुकादम बाई लांबून चालत आल्या. त्या फार बोलायच्या नाहीत, त्यांचं बघणंच पुरे असायचं.

"तब्येत बरी नाही?"

"बाई, मला आज थोडं लवकर सोडा. बँक बंद व्हायच्या आत पोहोचायचंय. वडिलांच्या ऑपरेशनचं आहे."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "उद्या भरून काढायचं," म्हणाल्या.

इकडची बँक म्हणजे काचेचं दार, थंडगार हवा आणि आवाज न करणारी माणसं. खिडकीमागच्या माणसाला ताईने आपल्या मोडक्यातोडक्या बोलीत सांगितलं, की परवा दुपारच्या आत पैसे पोहोचायलाच हवेत. त्याने तातडीने पाठवायचं वेगळं शुल्क सांगितलं. तिने मान हलवली. हप्त्याला लागणारी रक्कम आणि वर थोडी जास्त, अशी तिने पाठवायला सांगितली. महिन्याचं घरभाडं त्यातच गेलं.

"सगळे पोहोचतील ना?" तिने दोनदा विचारलं.

"आम्ही सगळे पाठवतो," तो म्हणाला.

पाठवणं आणि पोहोचणं यात अंतर आहे हे तिला दुपारीच एकाने ऐकवलं होतं. पण त्या घाईत ते तिच्या डोक्यात शिरलं नाही.

दुसरा दिवस कसाबसा गेला. तिसऱ्या दिवशी कामावर चढायच्या आधी, कपाटापाशी उभ्याउभ्याच तिने बँकेला फोन लावला. या वेळी फोनवर एक बाई होत्या.

"पैसे आलेत, मॅडम."

ताईने भिंतीला पाठ टेकली. "देव पावला. मग हप्ता जाईल ना आज?"

पलीकडे कळफलक वाजला. "रक्कम अपुरी पडतेय. वाटेत एक मधली बँक असते, तिने तिचं कापून घेतलंय. आणि तुमच्याकडे काही दंड बाकी होता, शिल्लक नव्हती म्हणून तो थांबला होता. पैसे आल्याआल्या तो वळता झाला."

"अहो, पण मी पैसे हप्त्यासाठी पाठवलेत. दंड नंतर घ्या. आज तेवढा हप्ता जाऊ द्या."

"ते सिस्टिम आपोआप करते. आमच्या हातात नाही."

"मग कुणाच्या हातात आहे?"

त्या बाईंनी तक्रारीचा अर्ज करायला सांगितलं. ताईच्या लक्षात आलं, की आता कितीही पैसे पाठवले तरी ते आजच्या आज पोहोचणार नाहीत. आप्पांचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून, खिशात काहीतरी शोधतोय असं दाखवत दम खाणारे आप्पा. कामाची घंटा झाली. आत जायचं सोडून तिने धाकट्याला फोन लावला.

"अरे, मला जमलं नाही. मी पैसे पाठवले होते. दोन्ही वेळा पाठवले. बँकेने मधेच खाल्ले." तिने सगळं भडाभडा सांगितलं.

धाकटा म्हणाला, "हे परवा का नाही सांगितलंस?"

"तुला वाटलं मी हात आखडता घेतला."

"वाटलं," तो म्हणाला. "खरं सांगतो, वाटलं होतं. ते राहू दे आता. फ्रेमवाल्याला द्यायचे पैसे माझ्याकडे आहेत. दुकान बंद करून निघतो. तू फोन चालू ठेव. विमावाल्यांनी तुझी संमती मागितली तर लागेल."

ताईने फोन खिशात सरकवला, इअरफोनची वायर सदऱ्याखालून घेतली, एका कानात त्याचं बारीकसं बोंड अडकवलं आणि वरून टोपी ओढली. यंत्रावर उभी राहिली. जोडीदारणीने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. कानात रस्त्याचा गलका, मग जिना चढणारी पावलं, मग एका कार्यालयातली कुजबुज.

"हप्ता एकदा परत गेला की आम्ही रोख घेत नाही," कुणीतरी म्हणत होतं. "बँकेचा ड्राफ्ट लागेल."

"ड्राफ्ट करून आणतो. तुमचं किती वाजेपर्यंत आहे?"

"खिडकी बंद व्हायच्या आत या."

पुन्हा जिना, पुन्हा रस्ता. धाकटा पळत होता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता आणि इकडे तिचे हात चादरी ताणत होते, सोडत होते. तिकडच्या बँकेत रांग होती. धाकटा कुणालातरी म्हणाला, "काका, मला पुढे जाऊ द्याल का, वडिलांचं ऑपरेशन आहे." काका काय म्हणाले ते यंत्राच्या घरघरीत ऐकू आलं नाही. ताईचा जीव टांगणीला लागला होता. तेवढ्यात मुकादम बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हाताने टोपीची कड वर उचलली. कानातली वायर बघितली.

"वडील?"

ताईने मान हलवली.

बाईंनी तिच्या हातातलं चादरीचं टोक स्वतःच्या हातात घेतलं. "दाराबाहेर जा. यंत्राशेजारी वायर नको," त्या म्हणाल्या आणि जोडीदारणीला खूण करून चादर ताणली.

मालाच्या गाड्या उभ्या राहतात त्या धक्क्यावर ताई जाऊन बसली. कानात आता पुन्हा विमा कार्यालय होतं. त्या माणसाने तिला नाव, जन्मतारीख, आप्पांशी नातं विचारलं. तिने उत्तरं दिली. त्याने पुन्हा काहीतरी तपासलं. एक शिक्का पडल्याचा आवाज झाला.

"पावती मिळाली," धाकटा म्हणाला. "पॉलिसी चालू आहे म्हणतात. ताई, ऐकतेयस ना?"

ती ऐकत होती. टोपीने डोळे पुसून तिने 'हो' म्हटलं.

आप्पांचं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात झालं. विमा कंपनीने थोडं इकडेतिकडे करून बिल भरलं. मुकादम बाईंनी त्या दिवसाचे तास भरून घेतले, एक मिनिटही सोडलं नाही. भाड्यासाठी ताईने घरमालकाकडून मुदत मागून घेतली आणि ते फेडायला तिला दोन महिने रविवारी काम करावं लागलं.

रजेवर घरी गेली तेव्हा ती आधी बँकेत गेली. धाकटा सोबत होता. मॅनेजरने दोघांना चहा पाजला, नियम समजावून सांगितले आणि अर्ज घेतला. काही दंड परत मिळाला, काही मिळाला नाही. खातं बंद करायचं शुल्क किती, असं धाकट्याने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं. मॅनेजर साहेबांना तो चेष्टा करतोय हे कळलं नाही. त्यांनी आकडा सांगितला.

आता हप्ता धाकट्याच्या खात्यातून जातो. ताई त्याला पैसे पाठवते आणि पोहोचले किती हे तो लगेच कळवतो. कुठून पाठवले तर कमी कापतात, कोणत्या दिवशी दर बरा मिळतो, यावर दोघं तासन्‌तास बोलतात. पूर्वी त्यांचे फोन महिन्यातून एकदा, तेही कामापुरते व्हायचे.

आप्पा जिना चढून येतात, फोन कानाला लागलेला बघतात आणि म्हणतात, "त्या बँकेचं संपलं असेल तर मला दे. मलाही मुलीशी बोलायचंय."