शोभेची चूल

या आठवड्यात शहरात काय काय पाहायचं, याची यादी वाचताना त्यासाठी कुणाला हाकललं, हे तुम्ही कधी विचारता का? ती यादी वाचूनच मी मैदानावरच्या गावरान खाद्यमहोत्सवाला गेले. दारातच सारवलेली मातीची चूल मांडली होती. तिच्यात जाळ नव्हता, लाल दिवा लावला होता, आणि लोक फुंकणी तोंडाला लावून फोटो काढत होते. भाकऱ्या मागे गॅसवर भाजल्या जात होत्या.

याच दाराबाहेर रोज चुलीवर भाकरी करून विकणाऱ्या शेवंतामावशींना रखवालदार उठवत होता.

"मावशी, आठवडाभर इथं दिसू नका. महोत्सववाल्यांची धुराची तक्रार आहे."

"कालपर्यंत याच धुरातली भाकरी गिळलीस ना रे मेल्या? आता आठवडाभर माझ्या घरातली चूल कशी पेटायची, तेही सांग."

त्यानं त्यांची परात उचलून बाजूला ठेवली. मला शिसारी आली. चुलीचं कौतुक करायला जमलेल्या त्या गर्दीला चुलीपाशी बसलेली बाई तेवढी नको होती.

महोत्सव रविवारपर्यंत आहे. जाणार असाल, तर आधी आयोजकांना गाठा आणि शेवंतामावशींना त्यांची जागा परत द्यायला लावा.