आवाजाचे पैसे

गेमिंगचा मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचा म्हणून मी महिनाभर व्हिडिओ बघत होतो. त्यात प्रत्येक जण ‘पैसा वसूल’ म्हणतो आणि प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा असतो. शेवटी मऊ, शांत बटणांचा एक मी नक्की केला. पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम मी कोल्हापुरातून घरी बसून करतो आणि फावल्या वेळात गेम खेळतो. वडिलांच्या मते मात्र मी नुसताच घरी बसतो. पगार दर महिन्याला येतो, पण तो कशाचा येतो हे त्यांना अजून पटलेलं नाही. याचा मला राग येतो.

आमच्याकडे मोठी खरेदी वडिलांचा हात लागल्याशिवाय होत नाही. राजारामपुरीतल्या दुकानात ते सोबत आले ते करकरणारी कोल्हापुरी चप्पल घालून. ती चप्पलही त्यांनी दुकानात फेऱ्या मारून, करकर कानांनी पारखूनच घेतली होती. कीबोर्ड त्यांनी हातात तोलला, उलटा करून बघितला आणि दोन बोटांनी बडवला.

“ह्यो वाजत न्हाय की.”

“तीच तर खासियत हाय काका,” दुकानदार म्हणाला. “आवाज कमी, म्हणून रेट जादा.”

“म्हंजे आवाज काढून घेतला, आन् वर जादा पैसं मागताय व्हय, पावणं?”

माझा महिनाभराचा अभ्यास तिथेच पाण्यात गेला. बटणागणिक कडकड वाजणारा, स्वस्तातला कीबोर्ड त्यांनी पसंत केला. पैसे अर्थात माझेच गेले.

रविवारी गडमुडशिंगीचे पाहुणे आले. मी आतल्या खोलीत गेम खेळत होतो आणि पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज घरभर चालला होता. बाहेर वडील सांगत होते, “ऐका की. आमचं पोरगं रविवारीबी कामातनं डोकं वर काढत न्हाय.” माझ्याबद्दल इतक्या अभिमानाने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? मी आणखी जोरात बटणं बडवली.

सोमवारी कंपनीचं एक काम अडलं होतं. सकाळभर मी स्क्रीनकडे बघत विचार करत बसलो. दुपारी चूक सापडली. दोन ओळी बदलल्या आणि साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. कान तृप्त करून वळलो, तर वडील दारात उभे.

“सकाळधरनं आवाज न्हाय तुझा,” ते म्हणाले. “काम न्हाय तर जा, दळण तरी घिऊन ये.”