निकालाआधीचं पाणी

मोर्शीकडच्या आमच्या गावात धुऱ्याचं भांडण निघालं की पंच बसत. दोन वावरांच्या मधल्या बांधाले आमी धुरा म्हणतो. त्या हातभर मातीपायी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. पंचायले एकच नेम होता. निकाल होईस्तोवर दोन्हीपैकी कोणाच्याच घरचं पाणी प्यायचं नाही. ऊन किती का तापेना, पंच आपला तांब्या घरून आणत. मनकर्णाबाईचा बाप असाच पंच होता. पोरगी तांब्या धरून त्याच्या मागं जायची आणि ऐकत बसायची. माणूस असं काहून बोलला, हे शोधायचा नाद तिले तिथूनच लागला.

पुढं ती अंगणवाडीत लागली. काही वर्षं धारणीकडच्या आदिवासी गावात काढली, जीपच्या टपावर बसून सुद्धा फिरली. काम सुटल्यावर अमरावतीच्या एका मेडिकल कॉलेजातल्या मंजुषा मॅडमनं तिले समितीवर घेतलं. औषध कंपन्या नवं औषध आधी कॉलेजच्या दवाखान्यातल्या रोग्यायवर करून पाहतात. ते करू द्यायचं की नाही, हे ही समिती ठरवते. तिच्यात डॉक्टर असतात, वकील असतो, आणि डॉक्टरकी न शिकलेलं एक साधं माणूस लागते. ते साधं माणूस म्हणजे मनकर्णाबाई.

पहिल्याच बैठकीत समोर काजू आले, समोसे आले. बाईनं पिशवीतून आपली बाटली काढली.

"बाई, त्याच्यात विष नाही टाकलं," डॉ. चंद्रभान म्हणाले.

"माहीत हाये, साहेब. पण हे काजू कोणाच्या घरचे?"

"कॉलेजचे."

"अन् कॉलेजले कोणी देल्ले?"

चंद्रभान हसले. त्यांनी एक काजू तोंडात टाकला. तेव्हापासून बाईची बाटली ही बैठकीतली ठरलेली गंमत झाली.

यंदा सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या एका नव्या औषधाची फाइल आली. रोगी बहुतेक धारणीकडचे घेणार होते. बाईनं कागद दोनदा वाचून काढले आणि तिले एक जागा रिकामी दिसली. औषध लागू पडलं, अन् कंपनीचं काम संपलं, तर त्या लोकायले पुढं ते औषध कोण देईल? हे कुठंच लिहिलं नव्हतं. आठ दिवस ती हाच प्रश्न मनात घोळवत होती.

बैठकीच्या आदल्या दिवशी लेक प्रणाली अकोल्याहून घरी आली. तिले नुकतीच औषधाच्या कंपनीत नोकरी लागली होती; डॉक्टरांकडे फिरून गोळ्यांची माहिती द्यायची. तिनं नवी बॅग खाटेवर टाकली. बॅगेवर तेच नाव होतं, जे फाइलीवर होतं.

दर बैठकीत काजूचं घर विचारणाऱ्या बाईनं लेकीच्या कंपनीचं नाव कधी विचारलंच नव्हतं.

"आई, मी शुगरच्या गोळ्या विकतो," प्रणाली म्हणाली. "तुह्या त्या फाइलीशी माहा काय संबंध? अन् पाहते कोण?"

"कोणीच नाही पाहत. तेच त अवघड हाये."

"मंग नको सांगू."

"नाही सांगतलं त आत बसता येते, प्रश्न इचारता येते. सांगतलं त मी बाहेर अन् प्रश्नही बाहेर."

प्रणालीनं बॅग उलटी करून ठेवली. त्यानं काय होते.

दुसऱ्या दिवशी मंजुषा मॅडमनं नेहमीसारखं विचारलं, "आजच्या विषयात कोणाचं नातं, देणंघेणं?" बाई दरवेळी सगळ्यात आधी 'नाही' म्हणायची. आज थांबली.

"माही लेक त्या कंपनीत हाये. पंचाची सोयरीक निघाली त पंचानं बाजेवरून उठावं."

"उठा मग. विषय संपला की बोलावते."

"जाताजाता एक इचारू?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही बाहेर आणि तुमचा शब्द आत, असं कसं चालेल?"

बाईले राग आला. पण बोलणं खोटं नव्हतं. साधं माणूस उठलं त बदली म्हणून समितीनं नसीमबानोले आधीच नेमलं होतं, ती तिथंच बसली होती. मोर्शीकडचीच, शिवणकाम करणारी, बोलायले मोजकी. तिच्या खुर्चीजवळून जाताना बाईची जीभ वळवळली. तिनं ओठ दाबले आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसली.

जरा वेळानं दार उघडलं. डॉ. चंद्रभान बाहेर आले आणि बाजूले टेकले.

"तुमचं काय झालं?"

"गेल्या साली परिषदेला गोव्याला गेलो होतो. तिकीट याच कंपनीचं."

"मंग आजपावतो?"

"तुम्ही उठल्यावर खुर्ची टोचायला लागली." त्यांनी बाटलीकडे पाहिलं. "पाणी आहे का?"

"माह्या घरचं चालते तुमाले?"

"आता आपण दोघंही पंच नाही."

बाईनं बाटली दिली. आतून नसीमबानोचा आवाज आल्यासारखा वाटला, मग मॅडमचा. शब्द काही कळले नाहीत. बाईनं कान लावला नाही असं नाही.

परतताना बाई आणि नसीमबानो एकाच एसटीत बसल्या. संत्र्याचे बगीचे लागेपर्यंत बाईनं दम धरला.

"नसीम वं, काय इचारलं तू?"

"अंदर की बात आहे, बाई. बाहेर बोलणार नाही अशी सही करून आली मी."

"धारणीचं निघालं का काही?"

नसीमबानोनं ओढणीनं घाम पुसला. उन्हानं तिचं तोंड सुकलं होतं. बाईनं बाटली पुढं केली.

"बरं, पाणी त पे."

"निकाल पुढच्या महिन्यात आहे," नसीमबानो म्हणाली, आणि बाटली हळूच परत बाईच्या मांडीवर ठेवली.