आकाशपाळण्यावरची तोंडी परीक्षा

मोनाली रामटेके देवरीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतीशास्त्र शिकवते. तोंडी परीक्षेत पाच गुण विद्यार्थ्याच्या वृत्तीचे असतात, आणि त्यासाठी तिचा एकच प्रश्न ठरलेला आहे: या विषयातलं तुला काय आवडत नाही? "सगळंच आवडते मॅम," म्हणणाऱ्याला ती दोन देते.

परीक्षेची तारीख ती गावोगावच्या मंडयांच्या, म्हणजे जत्रांच्या, तारखा विचारूनच ठरवते. दिवाळीनंतर इकडे रोज कुठल्यातरी गावाची मंडई असते, आणि त्या दिवशी त्या गावची पोरं कॉलेजात दिसत नाहीत. या वर्षीही तिने विचारलं होतं. पण तिची विद्यार्थिनी गुंजन, तिच्या गावाला दंडार हे लोकनाट्य करणारे कलाकार नेमके परीक्षेच्या गुरुवारीच मोकळे सापडले. गावाने मंडई अलीकडे ओढली, आणि गुंजनने गृहीत धरलं की मंडई सरकली म्हणजे परीक्षाही सरकलीच असणार.

गुरुवारी सगळ्यांची तोंडी झाली. गुंजन नव्हती, फोनही लागेना. पाच वाजेपर्यंत गुण पोर्टलवर चढले नाहीत तर ती गैरहजर, म्हणजे शेवटच्या वर्षात नापास. मोनालीने स्कूटी काढली.

गुंजन आकाशपाळण्याच्या रांगेत सापडली, हातात भजी.

"मॅम, तुमी बी आल्या मंडईले?"

"तुझी परीक्षा घ्यायला आले. आज होती."

गुंजनचा घास तोंडातच थांबला. मोनालीने मोबाइल पाहिला. रेंज नव्हती, आणि हमरस्त्यापर्यंत परत जायला वेळही उरला नव्हता.

"रेंज वरतच भेटते," पाळणेवाला बकाराम म्हणाला आणि त्याने बोट आकाशाकडे केलं.

मोनाली कॉलेजच्या गच्चीवरही कठड्यापाशी जात नाही. ती डोळे मिटून गुंजनशेजारी पाळण्यात बसली. पाळणा उचलला. ढोल, जिलेबीचा वास, माणसांचा गलका, सगळं एका बाजूला कलंडलं.

"पाणी झाडाच्या शेंड्यापर्यंत कसं चढतं?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"पानातून पाणी उडत राह्यते मॅम, म्हणून खालचं वर ओढल्या जाते. आपल्यावानी."

"बरोबर. काय आवडत नाही?"

पाळणा खाली आला, पुन्हा चढला.

"खरं सांगू? लॅटिन नावं. अन् हा विषय मले पाहिजेच नोहता. प्राणिशास्त्राच्या जागा भरल्या होत्या. दोन वर्षं रागारागानं पाठ केलं."

"आणि आता?"

"आता झाड दिसलं का राग येत नाही. नाव बी आठवत नाही, पण राग येत नाही."

मोनालीला हसू फुटलं, आणि हसताना डोळे उघडले. तिने मोबाइल काढला. तशीच ती गुण भरू लागली. पडद्यावर चक्र फिरायला लागलं, पाळणाही फिरत होता. वर गेलं की रेंज, खाली आलं की नाही.

"बकारामभाऊ, आमाले वरतच थांबवा," गुंजन ओरडली.

"कायले? भेव वाटून राहिला का?"

"मॅमचं नेट लावाचं हाय."

अर्धी मंडई मान वर करून पाहू लागली. पाळणा शेंड्यावर थांबला आणि नुसता झुलत राहिला. मोनालीने एका हाताने दांडी धरली, दुसऱ्याने मोबाइल. चक्र थांबलं. गुण जमा झाले.

"वृत्तीचे किती देले?"

"चार."

"एक काऊन कापला?"

"तारीख न विचारता भजी खात होतीस."

गुंजनने जरा विचार केला. "बरोबर हाय."

"उतरवू का मॅडम?" बकारामने खालून विचारलं.

मोनालीने खाली पाहिलं, मग दूर जंगलाकडे. कठडा कुठेच नव्हता.

"एक फेरा मारून," ती म्हणाली.